तळ्याखालचं दीड एकर

२२ मार्च २००८, शनिवार

सगळं पिवळं पडलंय! महिन्याच्या सुरुवातीचा तो राक्षसी बर्फ वितळला आणि माझ्या दीड एकरात घोटाभर पाणी. सप्टेंबरात पेरलेलं क्लोव्हर, आपल्या बरसीम चाऱ्याचीच बहीण, नोव्हेंबरात इतकं दाट आलं होतं की हरणं दिवसाढवळ्या येऊन उभी राहायची. आज एक रोप उपटून पाहिलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत. वास नासक्या अंड्याचा.

हे पाणी नुसतं आभाळातलं नाही. वरून येतंय. चारुदत्तच्या तळ्यातून.

तो माणूस! चार वर्षांपूर्वी त्यानं आणि जगन्नाथनं मिळून ही वीस एकर जमीन घेतली, ओहायोतल्या डब्लिनपासून पाऊण तासावर. नवरा माझा आणि तो कॉलेजचे जिवलग मित्र. वरची दहा एकर त्याची, खालची दहा आमची. वाटणी कुणी केली? त्यानंच. जगन्नाथ म्हणाला, "वरचं काय नि खालचं काय, मित्रच तर आहे." मित्रानं वर घर बांधलं आणि राहायला आला. आम्ही डब्लिनमध्येच, शनिवार-रविवारचे पाहुणे. आणि गेल्या ऑक्टोबरात त्यानं घरापुढे तळं खणलं. शोभेचं! मातीचा बांध घातला, जास्तीचं पाणी जायला बांधातून एक पाइप काढला. पाइपचं तोंड कुठे? बरोबर माझ्या शेतावर.

आज सांगायला गेले. दारातच हसला.

"वहिनी, पाणी खाली जातं हो. त्याला मी काय करणार?"

मागे प्रीता उभी होती. त्याची बायको. हातात फडकं, मान खाली. ही बाई बोलते तरी का कधी?

२३ मार्च

जगन्नाथ म्हणतो, "जाऊ दे ना, सुवर्णा. हरणांचंच तर गवत आहे."

हरणांचंच!

२९ मार्च, शनिवार

इथे लिहून ठेवते, कारण बोलून उपयोग नाही. मी अकोल्याची बी.एस्सी. अ‍ॅग्री. वर्गात दुसरी. पहिला आला तो आज संचालक आहे. मी लग्न करून इथे आले आणि अठरा वर्षं एका विमा कंपनीत लोकांचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवतेय. माती परत हातात आली ती इथे, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

मराठी मंडळातल्या बायका विचारतात, "तुम्ही शिकार करता का?" नाही. "मग जनावरांसाठी शेत कशाला?" शिकारी लोक हरणं टप्प्यात यावीत म्हणून पेरतात. मी ती जगावीत म्हणून पेरते, एवढाच फरक. टर्की येतात, ससे येतात, मागच्या वर्षी बटेराची एक जोडी आली. येऊ देत, खाऊ देत. कुणी खाल्लं म्हणून शेताचं शेतपण जात नाही.

आज फावड्यानं कडेकडेनं चर खणला, थेट ओढ्यापर्यंत. एकटीनं. सकाळी नऊपासून. तीन वाजता पाणी वाहायला लागलं तेव्हा ओरडलेच आनंदानं. चार वाजता पाहिलं तर जेवढं जात होतं तेवढंच वरून येत होतं. पाइप खळखळ वाहतोय. वर गच्चीत खुर्ची टाकून चारुदत्त बसलेला. त्यानं हात केला!

हात केला मला!

३० मार्च

मी सांगितलं होतं — ओल्या मातीवर ट्रॅक्टर घालायचा नाही. मूठभर माती दाबायची, बोटांमधून चिखल निघाला की शेताबाहेर राहायचं. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात हे. जगन्नाथला "मदत" करायची होती. मी ओढ्याकडे गेले तेवढ्यात ट्रॅक्टर आत! मधोमध रुतला. दोन नाल्या पडल्या, गुडघ्याएवढ्या खोल. त्यात आता पाणी उभं आहे, आणि खालची माती दगडासारखी दाबून बसली, ती दोन वर्षं सुटायची नाही.

आणि ट्रॅक्टर ओढून काढायला कोण आलं? चारुदत्त. त्याचा मोठा ट्रॅक्टर घेऊन. साखळी लावताना म्हणतो, "वहिनी, भातच लावा आता."

दोघं हसले. माझा नवराही हसला.

घरी येताना गाडीतच रात्रीचं जेवण करणार नाही म्हणून सांगितलं. त्यानं सीरिअल खाल्लं.

६ एप्रिल, पाडवा

जायचं नव्हतं. जगन्नाथ म्हणाला, "वर्षाचा पहिला दिवस, तोंड वाकडं नको." गेलो. त्यांच्या गच्चीत गुढी. समोर तळं, त्यात दोन प्लास्टिकची बदकं. खाली माझं शेत, तेही चकाकत होतं! पाहुणे म्हणे, "वा, दोन दोन तळी!"

चारुदत्तनं सगळ्यांसमोर सांगितलं, "आमच्या वहिनी हरणांना पंगत वाढतात. यंदा मेन्यूत सूप आहे."

हशा.

मी म्हटलं, "चारुदत्त, तुमचा पाइप लहान आहे. मोठा पाऊस आला तर पुरणार नाही. बांधाच्या बाजूनं गवताचा सांडवा काढायला हवा, म्हणजे पाणी बांधावरून न जाता बाजूनं उतरेल. आणि बांधाची माती थर देऊन दाबलेली नाही. चालताना पाय दबतो."

"वहिनी, कॉन्ट्रॅक्टर लायसन्सवाला आहे. तीस वर्षं तळी खणतोय."

"मी पण शिकलेय."

"हो हो. अकोल्याला ना?"

ते "अकोल्याला ना" ज्या सुरात म्हणाला, तो सूर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

प्रीता पुऱ्या घेऊन आली. माझ्या कोपराला हात लावून हळूच म्हणाली, "अजून एक वाढू?" हात झटकला मी. नवऱ्यानं अपमान करायचा आणि बायकोनं पुरी वाढायची. छान जमलंय यांचं. ती तशीच उभी राहिली, पुरी चिमट्यात धरून. मग पुढे गेली.

मला तिची चीड त्याच्यापेक्षाही जास्त येते. तो निदान तोंडानं बोलतो.

१२ एप्रिल, शनिवार

केलं.

आज मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम. चारुदत्त कार्यकारिणीत, म्हणजे तो जाणारच. जगन्नाथला म्हटलं, डोकं दुखतंय, तू जा. तो गेल्यावर गाडी काढली आणि इकडे आले. वर चारुदत्तची गाडी नव्हती. सामसूम.

शेडमध्ये बियाण्याची दोन रिकामी पोती होती. त्यांत पेंढा आणि चिखल ठासून भरला. पाइपचं तोंड कुंपणापासून दहा पावलांवर, ताटाएवढं. त्यांच्या हद्दीत. पहिलं पोतं आत कोंबलं, फावड्याच्या दांड्यानं ढोसलं. दुसरं त्याच्यावर. मग टाचेनं. पाणी आधी बाजूनं फुसफुसलं, मग ठिबकलं, मग थांबलं.

किती शांत झालं एकदम! सहा महिने तो आवाज कानात होता.

तळं आता भरेल. पश्चिमेकडे बांध थोडा उतरता आहे, तिकडून सांडेल, त्याच्या ड्राइव्हवेवर. सांडू दे! पाणी खाली जातं हो, त्याला मी काय करणार?

बांध कच्चा आहे हे मला माहीत आहे. माहीत आहे म्हणून इथे लिहिते, नंतर स्वतःशी खोटं बोलायला नको.

१३ एप्रिल

पश्चात्ताप वगैरे काही नाही. झोप उत्तम लागली.

१९ एप्रिल, शनिवार

पाणी उतरलं! चराच्या कडेची माती वर आली, काळी, ओली, भेगा न पडलेली. क्लोव्हर मेलंय, त्याचं आता काही होणार नाही. पण चिखलात टर्कीच्या पायांचे ठसे — तीन बोटांचे, माझ्या तळहाताएवढे! आणि कडेला हरणाचे, एक मोठं, एक अगदी लहान.

गावातल्या बियाण्याच्या दुकानात गेले. म्हातारा मालक म्हणाला, क्लोव्हर विसर, ओल्या जमिनीत जपानी मिलेट टाक. चिखलावर नुसतं फेकायचं, मेच्या शेवटी. पाणी आलं तरी मरत नाही. पोत्यात हात घातला. बारीक, गोल, सालासकट. तळहातावर चोळलं तर — ही तर भगर! आपली उपासाची भगर, तिचीच जात. ओहायोच्या दुकानात भगरीचं पोतं! एकटीच हसत सुटले. म्हातारा पण हसला. त्यानं विचारलं, तू शेतकरी आहेस का? मी म्हटलं, हो.

पहिल्यांदाच म्हटलं.

वर पाहिलं नाही मुद्दाम. पण शेतावरून निघताना दिसलंच. तळं काठोकाठ. प्लास्टिकची बदकं बांधाच्या पातळीला आलीत.

२२ एप्रिल, मंगळवार

टीव्हीवर सांगतायत, उद्यापासून जोरदार पाऊस. दोन दिवस.

पोती काढावीत का?

ऑफिस सुटल्यावर जाता येईल. आठपर्यंत उजेड असतो.

२२ एप्रिल, संध्याकाळी

नाही गेले. सांडेल ड्राइव्हवेवर. निघेल चारुदत्त सकाळी चिखल तुडवत, नवे बूट घालून.

२३ एप्रिल

पाऊस. आश्लेषाचा कॉलेजातून फोन. तिला शेताचं सांगत बसले, भगरीचं सांगितलं. ती म्हणे, "आई, इट्स जस्ट मड." माझीच मुलगी!

पाऊस थांबत नाही. ऑफिसच्या खिडकीतून पाहत होते. दोनदा फॉर्ममध्ये चुकीचे नंबर टाकले.

२४ एप्रिल, गुरुवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी जगन्नाथ गेल्यावर मी आजारी असल्याचा फोन केला आणि निघाले. पोती काढायलाच निघाले होते. हे खरं आहे. कुणाला पटणार नाही पण खरं आहे. पाऊस थांबला होता.

वळणावरून पाहिलं तर तळं नव्हतं. तिथे चिखलाचा खड्डा. बांधाला मधोमध खिंडार, गाडी जाईल एवढं. ड्राइव्हवेवर चारुदत्तची गाडी नव्हती, चिखलाचा शिंतोडाही नव्हता. सगळं पाणी, सगळी माती खाली आली होती. माझं दीड एकर दिसत नव्हतं. चर नाही, ठसे नाहीत, नुसता राडा, झाडाच्या फांद्या, एक प्लास्टिकचं बदक.

मी किंचाळले. माझं शेत, माझं शेत — असंच काहीतरी. शिव्या दिल्या. कुणाला ते माहीत नाही.

मग कुंपणापाशी काहीतरी पिवळं दिसलं. वाटलं, ताडपत्री. ती हलली.

प्रीता होती. रेनकोटमध्ये. कमरेपर्यंत चिखलात, कुंपणाच्या तारेला अडकलेली. तोंड पांढरं, ओठ निळे. मी धावले, दोनदा पडले. तिनं डोळे उघडले.

"सुवर्णा. पाय."

एवढंच. बाकी काही नाही.

नाइन-वन-वनला फोन केला. पत्ता सांगता येईना, इंग्रजीच सुचेना. हातानं चिखल उपसला. तिचा पाय जिथे वळायला नको तिथे वळलेला होता. माझा कोट काढून तिला गुंडाळली आणि मागून मिठी मारून बसले, ऊब राहावी म्हणून. बोलत राहिले, काय वाटेल ते. भगरीचं पण सांगितलं बहुतेक. ती दात वाजवत "हं" म्हणायची. थांबली की मी गालावर चापट मारायची.

अ‍ॅम्ब्युलन्स यायला तेवीस मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होते.

२५ एप्रिल

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. दोन बरगड्या. ऑपरेशन झालं, सळई घातली. फुप्फुसात पाणी गेलंय, दोन-तीन दिवस काही सांगता येत नाही म्हणाले.

चारुदत्त हॉस्पिटलच्या खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली, कालचाच शर्ट. मला पाहून उठला. मला वाटलं, कळलं याला.

त्यानं माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, तुम्ही नसता तर ती गेली असती."

मी हात सोडवायला पाहत होते. तो सोडेना.

"तुम्ही सांगितलं होतं. पाइप लहान आहे, सांडवा काढा, माती दाबलेली नाही. शब्दन् शब्द आठवतोय. मी थट्टा केली तुमची. तुमचं ऐकलं असतं तर..." आणि तो रडायला लागला. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

ऑक्टोबरपासून मला हेच ऐकायचं होतं. चारुदत्तनं म्हणावं, वहिनी, तुमचं बरोबर होतं. आज म्हणाला. मी म्हटलं, "असू दे. चहा आणते तुमच्यासाठी."

चहाच्या मशीनपुढे किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. जगन्नाथ शोधत आला.

२६ एप्रिल, शनिवार

शेतावर गेले. जगन्नाथला म्हटलं, औजारं सापडतात का बघते. औजारं नाही, पोती शोधत होते. कोणाच्या हाती लागायला नकोत म्हणून. प्रीताच्या फुप्फुसात पाणी आहे आणि मी पोती शोधतेय! दोन तास चिखल तुडवला. एक सापडलं, पाइपच्या फुटक्या तुकड्यात अजून रुतलेलं. दुसरं नाही.

सापडलेलं गाडीच्या डिकीत टाकलं. घरी येताना एका पेट्रोल पंपाच्या कचऱ्यात फेकलं. गुन्हेगार असंच करत असणार.

ती बांधावर कशाला गेली होती? चारुदत्त म्हणतो, "पाणी बघायला गेली असेल." भर पावसात? ती तर अंगणातसुद्धा उतरत नाही.

२८ एप्रिल

प्रीताची श्वासाची नळी काढली. स्वतः श्वास घेतेय.

३ मे, शनिवार

चारुदत्तनं कॉन्ट्रॅक्टरला वकिलाची नोटीस पाठवायचं ठरवलंय. म्हणे, त्याचं लायसन्स रद्द करून दाखवतो. जगन्नाथ म्हणतो, सुवर्णा, तुझी साक्ष लागेल, तू एक्स्पर्ट आहेस.

एक्स्पर्ट!

तो कॉन्ट्रॅक्टर मी पाहिलाय. कानात मशीन असलेला, हळू बोलणारा. बांध त्यानं वाईट घातला हे खरंच आहे. पण पाइप त्यानं बंद केला नव्हता.

मी "बघू" म्हटलं. आजकाल मी सगळ्याला "बघू" म्हणते. प्रीतासारखी, सरळ काही न बोलता.

६ मे

जेवण जात नाही. जगन्नाथनं आज स्वतः खिचडी केली. पुढ्यात ठेवली, म्हणाला, "तुझ्यामुळे वाचली ती. आता तरी त्या शेताचं मनाला लावून घेऊ नकोस."

खिचडी करपलेली होती. सगळी खाल्ली.

१० मे, शनिवार

प्रीताला काल घरी आणलं. आज भेटायला गेले. चारुदत्त स्वयंपाकघरात गेला तशी तिनं मला पलंगापाशी बोलावलं. आवाज अजून बसलेला आहे तिचा.

"एक पोतं मी काढलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्याला हात घातला आणि बांध खचला."

मला बसायला जागा दिसेना.

"त्या शनिवारी मी घरीच होते. वरच्या खिडकीतून पाहिलं तुला. रोज वाटायचं, तूच येऊन काढशील. मग पाऊस आला. चारूला कळायच्या आत काढायचं होतं गं."

"का?" एवढंच विचारता आलं मला. "मी तुझ्याशी कधी धड बोललेही नाही."

"त्याच्या तोंडावर बोलणारी तू एकटीच आहेस, सुवर्णा. त्याला कळलं असतं तर त्यानं तुझं येणं बंद केलं असतं. मग या घरात त्याच्याशी तसं कुणी बोललं असतं?"

चारुदत्त चहाचा ट्रे घेऊन आत आला. प्रीतानं माझा हात दाबला, नको म्हणून. त्यानं ट्रे टेबलावर टेकवायच्या आत मी सांगून टाकलं — पाइप मी बंद केला होता.